जुनी लाल व्हेस्पा घेऊ का? (जळगाव, बजेट ४५ हजार)

पिंप्राळ्याची

नमस्कार मंडळी. मी जळगावची, पिंप्राळ्यात राहते. रिंग रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जाऊन-येऊन रोजचे १४ किलोमीटर, शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा पेशंटच्या घरी जाऊन सॅम्पल आणायचं. आतापर्यंत भावाची अ‍ॅक्टिवा होती. त्याला नाशिकला नोकरी लागली आणि तो गाडीसकट गेला. आता सकाळी साडेसहाची शिफ्ट असली की रिक्षावाला म्हणेल ती पूर्व दिशा.

नवी गाडी घ्यायची नाही, कर्ज नको आहे. साठवलेले ४५ हजार आहेत, त्यातच नावावर करण्याचा आणि इन्शुरन्सचा खर्च बसला पाहिजे. समोर दोन गाड्या आहेत.

पहिली. महाबळला एका घराच्या पोर्चमध्ये उभी आहे. २०१७ ची व्हेस्पा व्हीएक्सएल १२५, लाल, एमएच-१९ पासिंग, एकच मालक, मीटरवर ९,२०० किलोमीटर. त्यांची मुलगी चालवायची, ती लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून गाडी जागेवरच. मागणी ४२ हजार. मी त्यांच्याकडे काकांच्या शुगरचं सॅम्पल घ्यायला गेले होते. गोल आरसे, गोल दिवा. सॅम्पल घेताना लक्ष सुईकडे होतं, एवढं सांगते म्हणजे काळजी नको.

दुसरी. सुरतेच्या मामेभावाची यामाहा फसिनो, २०१८, जीजे-०५. तो ३० हजारांत देतो म्हणतो. दिसायला तीही बरी आहे, आणि घरचाच माणूस आहे.

पप्पांचं मत असं की जुनी गाडी घ्यायची तर जिचा मिस्त्री आपल्या गल्लीत बसतो तीच घ्यावी. त्यांच्याकडे चेतक होती, ते स्वतः प्लग काढून साफ करायचे, रस्त्यात बंद पडली की एका बाजूला आडवी करून पुन्हा किक मारायचे. व्हेस्पाला ते "शोकेसमधली बाहुली" म्हणतात. मावशी म्हणते मायलेज नाही. मायलेजचा हिशेब मी केला: नुसतं लॅबला जाणं-येणं धरलं तर महिन्याला साधारण ३६५ किलोमीटर. ४० चं अ‍ॅव्हरेज धरलं तर नऊ लिटर, ५० चं धरलं तर सव्वासात. पावणेदोन लिटरचा फरक, म्हणजे दोनशे रुपयांच्या आतच. तेवढ्यासाठी मी रडणार नाही.

माझी भीती वेगळी आहे. इतकी वर्षं उभी असलेली गाडी म्हणजे जपलेली की सडलेली? आणि ती बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? मला फक्त रंग दिसतो हो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई माहेरी येतेय, तोपर्यंत दारात गाडी हवी असं मनात आहे. कृपा करून "अ‍ॅक्टिवा घे" एवढंच सांगू नका.

भुसावळ_यार्ड

अ‍ॅक्टिवा घे.

(माफ करा, राहवलं नाही. पण खरंच, विकायला काढलीत तर दोन दिवसांत जाते. व्हेस्पाला गिऱ्हाईक शोधावं लागतं. तुमच्याआधी कुणी नेली नाही, ती का, हेही विचारा.)

देवपूरचा_तात्या

पोरी, भुसावळच्या माणसाला रुळावरून न जाणारी गाडी आवडत नाही, मनावर घेऊ नको.

मी धुळ्याचा. सोळा वर्षं चेतक, नंतर २०१३ ची व्हेस्पा एलएक्स, ती अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे तुझ्या पप्पांची बाजूही कळते आणि तुझीही. पप्पांना सांग की ती बाहुली त्यांच्या चेतकच्या नात्यातलीच आहे. बजाज आधी व्हेस्पाच परवान्यावर बनवायची, १९७२ पासून चेतक आली. आणि २०१२ पासून पियाजिओ व्हेस्पा इथेच बनवते, बारामतीला. म्हणजे इटालियन नावाची बारामतीकरीण.

आता कामाचं. फसिनो, अ‍ॅक्टिवा यांच्या आत लोखंडी पाइपची फ्रेम असते, वरून कपडे चढवलेले. व्हेस्पाला तशी वेगळी फ्रेम नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची फ्रेम. म्हणून ती वजनदार वाटते, खडखडत नाही. आणि म्हणूनच तिला गंज लागला तर तो कपड्याला नाही, हाडाला लागतो. प्लॅस्टिकचं पॅनल तुटलं तर दुकानातून नवं आणता येतं. पाय ठेवायची जागा खालून कुजली तर काय आणशील?

तेव्हा पहिलं काम, पायाखालची रबरी मॅट उचल. मालक म्हणेल "अहो ती चिकटलीय, राहू द्या." उचलच. तिथे पाणी मुरतं. किल्लीच्या टोकाने टोचून बघ. वरवरचा तांबूस थर असेल तर घासून जातो, किल्ली आत गेली तर चहा पिऊन उठ. खाली वाकून पोटाकडूनही बघ, मोबाईलचा दिवा लावून.

दुसरं, फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून ने. लेगशील्डवरून (पायांपुढच्या पत्र्यावरून), सीटखालच्या भागावरून फिरव. जिथे निसटेल तिथे पत्र्यावर पुट्टी आहे, म्हणजे गाडी कुठेतरी आपटलेली आहे. ही तपासणी दुसऱ्या स्कूटरींच्या प्लॅस्टिकवर करता येत नाही, तेवढा व्हेस्पाचा फायदा.

तिसरं महत्त्वाचं. गाडी थंड असताना सुरू करायची असते. विकणारे आधीच चालू करून तापवून ठेवतात, मग ती एका सेल्फला सुरू होते आणि आपण खूश. एरवी मी सांगतो, सायलेन्सरजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघ. पण आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी एकला गेलीस तर उभी गाडीसुद्धा तापलेलीच लागेल, काही कळणार नाही. म्हणून सकाळी सहाला जा, न सांगता. सुरू झाल्यावर मागे उभी राहा. निळसर धूर निघत राहिला तर ऑइल जळतंय.

चौथं, पुढचं चाक. व्हेस्पाचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, विमानाच्या चाकासारखं. ज्याने १९४६ साली ती आखली तो विमानांचाच इंजिनिअर होता. सेंटर स्टँडवर घे, मागून पप्पांना दाबायला सांग, पुढचं चाक उचलेल. मग ते हाताने आडवं हलवून बघ. टकटक लागली तर बेअरिंग किंवा बुश गेलेत.

आमची माय दिसायला देखण्या बैलजोडीबद्दल म्हणायची, "दखाले भारी, पोसाले जड." तुझी पोसायची तयारी असेल तर घे.

उधना_ते_नवापूर

ताई, मी फसिनोपुरतं सांगतो, कारण या रस्त्याने मी स्वतः गेलोय. गाडी चांगली आहे. हलकी आहे, १०३ किलो. दोन्ही टायर ९०/१००-१०, म्हणजे पाचव्या पिढीपर्यंतच्या अ‍ॅक्टिवाचेच, कुठेही मिळतात. इंजिन ११३ सीसीचं, शहरात भरपूर झालं.

पण जीजे-०५ आणि एमएच-१९ यांच्या मध्ये नवापूरची हद्द आहे ना! राज्य बदललं की आधी सुरतच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मग इथे आल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स, गाडीचं वय बघून लावतात. मग नवा नंबर, मग नवी पाटी. तिकडे भरलेला टॅक्स परत मागता येतो म्हणतात, पण त्यासाठी मामेभावाला सुट्ट्या काढून फेऱ्या माराव्या लागतील. तो काढेल?

"तशीच चालव ना, घरचीच गाडी आहे," असं कुणी म्हणेल. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर चालवता येत नाही. आणि तुझं काम लोकांच्या घरी जाण्याचं. उद्या कुणाला धक्का लागला आणि गाडी सुरतेच्या भावाच्या नावावर, तर नात्यात आयुष्यभराची कुरबुर. माझी गाडी मावसभावाची होती. गाडी विकून झाली, आम्ही अजून एकमेकांच्या लग्नात दूरच्या टेबलावर बसतो.

३० हजार ऐकायला स्वस्त आहे. वरचे पाच-सात हजार आणि चकरा धरून मग तुलना कर.

पिंप्राळ्याची

तात्या, तुमचं उत्तर पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बारामतीकरीण" ऐकून हसले. मग म्हणाले, माणूस चेतकवाला आहे, खोटं बोलणार नाही.

फसिनो मनातून गेली. मामेभाऊ सुट्टी काढेल, पण मामी दर राखीला ती सुट्टी काढून दाखवेल.

एक शंका. ९,२०० किलोमीटर खरं कसं मानायचं?

अमळनेर_१२५

माझ्याकडे व्हीएक्सएलच आहे, २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली.

मीटरवर विश्वास ठेवू नका, टायर वाचा. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, टायर २०१७ चे आणि नक्षी अजून खोल, तर ९ हजार पटण्यासारखे आहेत. टायर २०२१ चे निघाले तर पहिली जोडी कुठे झिजली ते विचारा. हँडलची रबरी मूठ आणि ब्रेकचा लिव्हरही खोटं बोलत नाहीत.

मात्र टायर मूळचे निघाले तर आनंद मानू नका, कारण ते बदलावेच लागणार. आपल्या उन्हात रबर लाकडासारखं होतं. मी जुन्याच टायरवर पहिला पाऊस काढायला गेलो आणि पैलाड भागात सगळ्या गर्दीसमोर सरपटलो.

आणि इथेच व्हीएक्सएलची खोच आहे. तात्यांच्या एलएक्सला दोन्हीकडे दहा इंची चाक आहे. आपल्या व्हीएक्सएलला पुढे ११ इंच, मागे १०. पुढचं ११०/७०-११, मागचं १२०/७०-१०. मागचं शोधल्यावर मिळतं. पुढचं मात्र दुकानदार आधी ऐकूनच हसतो. सौदा करायच्या आधी दोन-चार दुकानांत फोन करा.

उभ्या गाडीचे आजार ठरलेले आहेत: बॅटरी मेलेली, कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा, रबरी नळ्या तडकलेल्या, ब्रेक चिकटलेला. यातलं काहीच भयंकर नाही, पण प्रत्येकाचं बिल आहे. जागेवरून उचलताना गाडी थरथरली तर क्लच बघायला लावा. रेस वाढते पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर बेल्ट किंवा रोलर.

आणि कागद. आरसीवरचा चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. चलन बाकी आहे का ते मोबाईलवर दिसतं. इन्शुरन्स बहुतेक संपलेला असेल. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी लागली आहे का तेही बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर तिथेच थांबा आणि इथे येऊन लिहा.

पिंप्राळ्याची

जाऊन आले. आणि हो, आरसीवर बँकेचं नाव आहे. पण क्रमाने सांगते.

सव्वासहाला पोहोचलो, मी आणि पप्पा. काकू अंगणात नळी लावून सडा मारत होत्या. पाण्याचा लोट थेट पोर्चमध्ये, गाडीच्या चाकांपर्यंत. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. गाडी सात वर्षं रोज पाय धुऊन उभी आहे, हे आम्हाला तिथेच कळलं.

मॅट उचलायला पंधरा मिनिटं लागली. खाली चिखलाचा वाळलेला पापुद्रा, त्यात एक जुनी केसांची क्लिप, आणि डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा गंज. मी किल्ली टोचली तेव्हा श्वास धरला होता. आत गेली नाही. खरवडल्यावर भुगा पडला, खाली पत्रा लागला. पप्पा गुडघ्यावर बसून खालून टॉर्च मारत होते, म्हणाले, "भोक नाही. पण अजून दोन पावसाळे असेच गेले असते तर पडलं असतं."

चुंबक मी फ्रिजवरचं नेलं होतं, केळ्याच्या घडाचं, कृषी प्रदर्शनात फुकट मिळालेलं. सगळीकडे चिकटलं. लेगशील्डच्या उजव्या खालच्या बाजूला मात्र घड टपकन खाली पडला. काकांनी लगेच सांगून टाकलं, मुलीने शिकताना फाटकावर घातली होती. मला हे आवडलं. लपवलं असतं तर मी तिथूनच परतले असते.

टायरवर १८१७. म्हणजे मूळचे, नक्षी खोल आणि बाजूंना बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. मीटर खरं असावं.

बॅटरी मेलेलीच होती. पप्पांनी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीला आधीच सांगून ठेवलं होतं (मला न सांगता!), तो दुसरी बॅटरी घेऊन आला. चौथ्या सेल्फला सुरू झाली. धूर नाही. पण रेस सोडली की बंद. पेट्रोलचा वास आंबट. मिस्त्रीने झाकण उघडून हुंगलं आणि म्हणाला, "हे पेट्रोल नाही, हा काढा आहे." पुढचं चाक हलवलं, टकटक नाही. पुढचा डिस्क ब्रेक दाबला की सुटायला वेळ घेतो. चालवून बघितली तर उचलताना थरथर आहे.

मग पप्पा बसले. घरापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. येताना मी नीट बघत होते: वळणावर त्यांची डावी मूठ आपोआप फिरायला गेली, गिअर टाकायला. चेतकचा गिअर तिथे असायचा. मूठ हलली नाही तेव्हा स्वतःशीच हसले. उतरल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "वजनदार आहे. धरून चालते."

मिस्त्रीचा अंदाज: बॅटरी, दोन टायर, बेल्ट-रोलर, क्लच, कार्बोरेटर, ब्रेक आणि खालचा पत्रा घासून रंग, सगळं धरून अकरा हजार. मी काकांना कागदावर लिहून दाखवलं. लॅबच्या रिपोर्टसारखं, एका बाजूला काय हवं आणि दुसऱ्या बाजूला काय आहे. ते बराच वेळ वाचत बसले. ३२ वर तुटलं.

आता अडचण. गाडी कर्जावर घेतलेली होती. कर्ज २०१९ मध्ये फिटलं म्हणतात, पण आरसीवरून बँकेचा बोजा कधी उतरवलाच नाही. एक एजंट म्हणतो, "मॅडम, पैसे देऊन टाका, गाडी घेऊन जा, कागद मागाहून होतील." आखाजी नऊ दिवसांवर आहे. काय करू?

उधना_ते_नवापूर

मागाहून काही होत नसतं. बोजा असताना गाडी तुझ्या नावावर होणार नाही. काकांनी बँकेत जाऊन एनओसी आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का आणायचा, तो आरटीओत देऊन बोजा उतरवायचा. २०१९ चं पत्र घरात सापडलं तरी बँकेकडून नवं मागावं लागेल, त्याची तयारी ठेवा. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. कोऱ्या फॉर्मवर सही करून घेऊ नका आणि देऊही नका.

तोवर हजार-दोन हजार इसार, त्याची साध्या कागदावर दोघांच्या सहीची पावती. गाडी त्यांच्याच पोर्चमध्ये राहू द्या. फक्त काकूंना सांगा, सडा जरा अलीकडे मारा.

देवपूरचा_तात्या

आखाजी दरवर्षी येते. बिनबोजाची आरसी दरवर्षी येत नाही.

चुंबकाची बातमी वाचून बरं वाटलं. टायरला घाई कर, बाकीचं होईल. आणि गॅरेजवाल्याला ताकीद दे: गंज घासल्यावर आधी प्रायमर, मग रंग. उगाच वरून काळा फवारा मारून "झालं" म्हणतात, आतल्या आत चालूच राहतं.

पिंप्राळ्याची

उशिरा लिहितेय, माफ करा. आखाजी गेली. ताई आली, झोक्यावर बसली, पुरणपोळी खाऊन परत गेली, गाडी काही दारात नव्हती. बँकेचं पत्र यायला अकरा दिवस लागले. काका तीनदा गेले बिचारे. दर वेळी वेगळं टेबल. दोन चलनं निघाली, सिग्नलची, तीही त्यांनीच भरली. परवा बोजा उतरला, काल माझ्या नावाचे फॉर्म गेले, इन्शुरन्स काढला. आज सकाळी गाडी घरी आली.

काकूंनी जाताना तिला हळद-कुंकू लावलं आणि ती केसांची क्लिप मला परत मागितली. मी जपून ठेवली होती, दिली.

आता खरी गंमत. पुढचं टायर. दोन दुकानांत "अकरा इंची असतं का कुठे?" तिसऱ्याने दहा इंची काढून ठेवलं आणि म्हणाला, बसवून देतो. मी विचारलं, रिमवर की डोक्यावर? शेवटी भावाने नाशिकला शोधलं, शनिवारी घेऊन येतोय. तोवर माझी रिक्षाच. पप्पा मात्र संध्याकाळी अंगणात तिच्यावर बसून चहा पितात. मी बोलले तर म्हणतात, बॅटरी चेक करतोय.

भुसावळ_यार्ड

अ‍ॅक्टिवाचं टायर पानटपरीवरही मिळतं.

असो. फोटो टाका.